पांडेसऱ्यातला पावणेबाराचा शो

अमळनेरहून सकाळच्या गाडीत बसले तेव्हा माझ्याकडे एक बॅग होती आणि पोस्टरांची एक जाडजूड गुंडाळी. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी नंदुरबारपर्यंत गुंडाळीकडे पाहून घेतलं आणि मग विचारलं, "नकाशे का?"

"चित्रपटाची पोस्टरं आहेत. मी चित्रपट काढलाय."

"अच्छा," ते म्हणाले आणि नवापूरपर्यंत झोपले.

अठरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवल्यावर मी हा उद्योग केला होता. चित्रपट अहिराणीत होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. मुंबईच्या वितरकाने तो पाहून सांगितलं होतं, "बाई, खान्देशातलं सगळ्यात मोठं गाव कोणतं? सुरत. निम्मा खान्देश तिथे कामाला आहे. तिथे चालला तर चालला." मग त्याने सुरतेत मला एक पडदा आणि त्या पडद्यावर रोजचा एक शो मिळवून दिला. वेळ सकाळी पावणेबाराची. शुक्रवार-शनिवारी माणसं आली नाहीत, तर रविवारपासून ती वेळ दुसऱ्या चित्रपटाला जाणार होती.

चलथाणला साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरला आणि लोक सामान काढू लागले. उधन्याला उतरले तेव्हा एप्रिलचं ऊन फलाटावर उभं होतं. त्यात छत्री घेतलेले सुखदेवभाऊ होते. हे मूळचे शिरपूरकडचे. पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या गिरणीत, मुकादम. सुरतेत मराठी नाटक येवो, कीर्तन येवो की चित्रपट, तिकिटं खपवायला यांनाच बोलावतात. माझ्या हातातली गुंडाळी घेऊन ते म्हणाले, "ताई, पोस्टरं उद्या लावू. आधी लोचो खाऊन घ्या."

लोचो म्हणजे वाफवलेल्या डाळीचा पदार्थ. खमण बिघडलं तेव्हा तो जन्मला असं सांगतात. वर तेल, शेव आणि कच्चा कांदा. बिघडलेल्या गोष्टीला सुरतेने इतकं मानाने वाढलेलं पाहून मला जरा धीर आला.

थिएटर उधना-पांडेसरा रस्त्यावर होतं. जुन्या मोठ्या थिएटरचे भिंत घालून दोन पडदे केलेले. तिकीटखिडकीवरच्या लाल दिव्यांच्या पाटीत माझ्या चित्रपटाच्या नावाचा पहिला शब्द तेवढा मावला होता. तो शब्द 'चाल' होता.

शुक्रवारी सात माणसं आली. त्यांतले दोघे दुसऱ्या पडद्याचे होते. चूक कळल्यावर ते क्षमा मागून गेले. मॅनेजर केतनभाई सज्जन माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले, "बेन, पिक्चर अच्छा होगा. मैंने देखा नहीं, पर होगा. मगर पाँच आदमी के लिए मैं एसी कैसे चलाऊँ?"

त्या संध्याकाळी सुखदेवभाऊंच्या घरी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची भाकरी) होती. वहिनी वाढत होत्या. मी जेवत नाही हे पाहून म्हणाल्या, "पावणेबाराला कोण येणार ताई? दिवसपाळीवाले मिलमध्ये असतात."

"मग रातपाळीवाले?"

"ते येऊ शकतील," सुखदेवभाऊ विचार करत म्हणाले. "त्यांना आणायचं काम माझ्याकडे."

शनिवारी सकाळी सातला आम्ही मिलच्या फाटकाशी उभे होतो. भोंगा झाला. आत जाणाऱ्यांची रांग एका बाजूने, बाहेर येणाऱ्यांची दुसऱ्या बाजूने. बाहेर येणाऱ्यांच्या नखांना रंग होता. कोणाच्या निळा, कोणाच्या गुलाबी. सुखदेवभाऊंनी पत्रकं वाटायला सुरुवात केली. ती त्यांनी स्वतःच छापून आणली होती. मी एकाला पत्रक दिलं. त्याने विचारलं, "आपली भाषामा शे का?" (आपल्या भाषेत आहे का?) मी हो म्हटलं. त्याने पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. हात दुखेपर्यंत मी पत्रकं वाटली, पण एकही वाचलं नाही.

साडेअकराला थिएटरबाहेर गर्दी होती. पाऊणशे माणसं तरी असतील, आंघोळ करून, केस विंचरून आलेली. चार-पाच बायकाही होत्या. केतनभाई दारात उभे राहून एकेकाला मोजत होते आणि माझ्याकडे पाहून मान डोलावत होते. मी शेवटच्या रांगेत बसले. आपला चित्रपट माणसं पाहताहेत, हे मला पाहायचं होतं. त्यासाठीच मी इतक्या दूर आले होते.

दिवे गेले. गाव आलं, नदी आली, पहिलं गाणं आलं. गाणं संपलं आणि मला घोरणं ऐकू आलं.

एक होतं. मग तीन झाली. नायकाच्या बहिणीचं लग्न मोडतं, त्या प्रसंगावर मी चार महिने घालवले होते. तो सुरू असताना मी अंधारात रांगा न्याहाळल्या. माना मागे पडलेल्या, तोंडं उघडी. मध्यंतराला दिवे लागले तरी कोणी हललं नाही. बायका तेवढ्या उठून पाणी पिऊन आल्या.

केतनभाई धावत आले. पॉपकॉर्नच्या काउंटरवर कोणीच नव्हतं. "बेन, ऑपरेटर को बोलता हूँ, सेकंड हाफ में आवाज बढ़ाए."

मी सुखदेवभाऊंकडे पाहिलं. त्यांनी खिशातून पत्रक काढून मला दिलं. वर चित्रपटाचं नाव होतं. खाली त्याच्या दुप्पट अक्षरांत होतं: 'थंडगार ए.सी.'

"रागावू नका ताई," ते म्हणाले. "एका खोलीत आठ-आठ जण राहतात. वर पत्रा. दुपारी तो असा तापतो की डोळा लागत नाही. तिकीट त्यांनी स्वतःच्या पैशाने काढलंय."

मला रडू येत होतं, हे कबूल करते. अपमान झाला असंही वाटत होतं. पण पुढच्या रांगेत एक पन्नाशीचा माणूस दोन्ही हात मांडीत घेऊन, शाळेतल्या मुलासारखा झोपला होता. त्याला उठवावं असं काही माझ्या चित्रपटात होतं का, याची मला खात्री वाटेना. मी केतनभाईंना म्हटलं, "आहे तेवढाच राहू द्या आवाज."

दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. मुलगा कामासाठी सुरतेला निघणार असतो. पहाटेचा अंधार, चूल, आणि आई त्याला उठवते. आईचं काम माझ्या सख्ख्या मावशीने केलंय. तिला अभिनय येत नाही. ती फक्त नेहमीसारखी बोलली होती.

पडद्यावर मावशी वाकली आणि म्हणाली, "ऊठ रे भाऊ. गाडी उनी." (ऊठ रे बाळा, गाडी आली.)

सभागृहात तीस-चाळीस माणसं एकदम उठली.

कोणी ताठ बसलं, कोणी सरळ उभंच राहिलं. एकजण खुर्चीखाली चप्पल चाचपू लागला. पुढच्या रांगेतल्या त्या पन्नाशीच्या माणसाने "उनू माय!" (आलो आई!) असं स्पष्ट उत्तर दिलं. अंधारातून कोणीतरी विचारलं, "कोठे शे गाडी?" मग हसू फुटलं, आणि हसता हसता सगळे खाली बसले. त्यानंतर कोणी झोपलं नाही. शेवटची चाळीस मिनिटं त्यांनी असा चित्रपट पाहिला की मी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शो सुटल्यावर मी दारात उभी राहिले. चित्रपट कसा वाटला हे कोणी बोललं नाही. पन्नाशीच्या माणसाने मात्र मला गाठलं. "बाई, ती पोर कोन व्हती? ती काबर रडे?" (ती मुलगी कोण होती? ती का रडत होती?)

"ती त्याची बहीण. तिचं लग्न मोडलं ना."

"कधी?"

"तुम्ही झोपला होता तेव्हा."

तो ओशाळला. मागचे चारपाच जण जवळ सरकले. "काबर मोडनं?" कोणी विचारलं. मी सांगू लागले. बघता बघता माझ्याभोवती घोळका झाला. पुढच्या शोची माणसं जिन्यावर खोळंबली, त्यांतलेही दोघे ऐकत उभे राहिले. मी नदीपर्यंत आले होते, एवढ्यात सुखदेवभाऊंनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून सगळ्यांना थांबवलं.

"बस ताई," ते म्हणाले. "बाकीचं उद्या. पावणेबाराला."

केतनभाईंनी रविवारचा शो काढला नाही. रविवारी त्यांतले बरेच जण पुन्हा आले आणि दुसरे मित्रही घेऊन आले. पहिला भाग त्यांनी डोळे ताणून पाहिला. बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा एका बाईने नवरदेवाच्या बापाला मोठ्याने शिवी दिली. मध्यंतरानंतरचं आधीच पाहिलेलं होतं, त्यामुळे ते निवांत झोपले. मावशीने हाक मारल्यावर मात्र सगळे नियमाने उठले. चित्रपट गुरुवारपर्यंत चालला. शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट आला आणि पाटी बदलली.

मी सोमवारीच परतले होते. गाडीत जागा खिडकीपाशी मिळाली. सुरतेने माझा चित्रपट पूर्ण पाहिला, असं मी लोकांना सांगते. कोणा एका माणसाने तो सलग पूर्ण पाहिला की नाही, हे मला खरंच माहीत नाही; आणि आता त्याचं तितकंसं वाईटही वाटत नाही.

स्टेशनवरून आधी मावशीकडे गेले. ती दारात गहू निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने हाक मारली आणि अख्खं थिएटर उठलं, हेही सांगितलं. मला वाटलं, तिला नवल वाटेल.

"मंग? हाक मारी त उठतीनच," ती म्हणाली. (मग? हाक मारल्यावर उठतीलच.)

थोडा वेळ तिने खडे वेचले. मग वर पाहून विचारलं, "रातभर काम करीसन उनथात. जेवेल व्हतात का त्या?" (रात्रभर काम करून आले होते. जेवले होते का ते?)

हे मी कोणालाच विचारलं नव्हतं.