थोडी घेतली

"बाई, हे तुमचंच म्हणणं ना? ‘थोडी घेतली नि निघाले’?"

सरकारी वकिलाने कागद नाचवला नि रत्नागिरीच्या कोर्टात माणसं हसली. शिपायानेसुद्धा तोंडावर हात धरला. मी मेलेल्या हवालदाराची बायको, मागच्या बाकाजवळ उभी. माझे कान तापले.

चार वर्षं पोलीस खात्याचं एकच पालुपद. अपघात झाला तेव्हा हवालदार ड्यूटीवर नव्हता, घरच्या कामाला चालला होता. म्हणून ड्यूटीवर मेलेल्याच्या बायकोला मिळतात ते पैसे हिला नाहीत. मी अर्जावर अर्ज करून शिमग्याच्या बंदोबस्ताचा हुकूम बाहेर काढला. त्यात ह्यांचं नाव, जयगडकडचं गाव, वेळ, सगळं. मग निकाल तोंडावर आला तेव्हा खात्याने बचावच बदलला. ड्यूटीवर होता, पण दारू पिऊन मोटारसायकल चालवलीन, म्हणून मेला. पुरावा काय? माझाच जबाब.

अहो, भाताची पेज! आमच्यात पेज घेतात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला आलेल्या जमादाराने विचारलं, निघताना काय खाल्लेलं? मी रडत म्हटलं, पेज केलेली, ह्यांनी थोडी घेतली नि निघाले. मेल्याने लिहिताना पेज गाळलीन. मी न वाचता सही केली. शवविच्छेदनाच्या कागदात दारूचा द नाही. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा माणूस माझा, नि त्याला बेवडा ठरवतात!

बाहेर व्हरांड्यात आमचे वकील म्हणाले, "वहिनी, मी लेखी उत्तर देतो. तुम्ही पिंजऱ्यात नको. तुमचं बोलणं गावठी, परत हसतील."

माझं डोकंच फिरलं. चार वर्षं मी ह्या लोकांसमोर शब्द पुसूनपुसून बोलले. होय साहेब, नाही साहेब. लाज मला वाटायची. खोटं लिहिणाऱ्याला कधी वाटली नाही.

"मीच बोलणार," मी म्हटलं. "नि त्या जमादारालाही बोलवा. माझ्यासमोर उभा करा त्याला."

वकील घड्याळ बघायला लागले.

बघू देत. माझा नवरा शुद्धीत मेला, कामावर मेला. हे मी माझ्याच बोलीत सांगणार. कोणाला हसायचं तर हसू दे. मी म्हटलं तसं जज्जसाहेब लिहून घेईपर्यंत मी पिंजऱ्यातून खाली उतरणार नाही.