विमानतळावरची सिस्टरकाकी

आमची सिस्टरकाकी कुणीही भेटलं की आधी उलटा हात त्याच्या मानेला लावायची, ख्यालीखुशाली नंतर. "लय चटका लागतुया, घरी जा, पड," म्हणून तिनं मला भर लग्नातून हाकललं होतं. ती माझी सख्खी चुलती, आरोग्य केंद्रात नर्स. विश्रामबागेतली आमची अख्खी गल्ली तिला टरकून असायची.

कोरोनाच्या सुरुवातीला तिची ड्यूटी पुण्याच्या विमानतळावर लागली. परदेशातून उतरलेल्यांच्या कपाळासमोर ती ताप मोजायचं मशीन धरायची. कुणी वरच्या ओळखी सांगायला लागला की म्हणायची, "आवं सायेब, वळख ऱ्हाऊ द्या, कपाळ हिकडं करा."

एक दिवस त्याच रांगेत तिचा भाचा सागर उभा राहिला. दुबईहून आलेला. गावाकडं औंधला त्याचे वडील, म्हणजे काकीचा एकुलता एक भाऊ, अगदी शेवटच्या आजारात होते. न्यायला माहेरची जीप बाहेर उभी. दारावर सख्खी आत्या बघून या शहाण्यानं हळूच सांगितलं, "आत्या, कालधरनं ताप हाय, पर गोळी खाल्लीया. मशिनीत कायबी येत न्हाई. सोड लवकर."

काकीनं त्याच्या मानेला हात लावला आणि डॉक्टरांना हाक मारली. "मशिनीला फशिवशील रं. घरात बारकी पोरं हायत, त्यांचं काय?"

सागरचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्याच आठवड्यात वडील गेले. सागर विलगीकरणात, म्हणून अग्नी भावकीतल्या एकानं दिला. काकीलाही ड्यूटी सोडून जाता आलं नाही, तिचाही भाऊ गेला, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

माहेरनं तिला वाळीतच टाकलं. "बापल्योकाची ताटातूट केली हिनं," असं औंधभर सांगत सुटले. घरातली पोरं धडधाकट राहिली ती कुणामुळं, हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही. काकी मात्र दर दिवाळीला वाट बघायची. "यील गं सागर. रागीट हाय, पर मनाचा चांगला हाय." मला संताप यायचा, त्याचा आणि हिच्या चांगुलपणाचाही.

गेल्या वर्षी काकी गेली. सवाष्ण गेली की तिला माहेरची साडी नेसवायची, ही आमच्याकडची रीत. तेवढ्यासाठी सागर बरोबर हजर झाला. हातात कोरी हिरवी साडी, डोळ्यांना रुमाल.

"आत्ता आठवली व्हय रं आत्या?" मी सगळ्यांसमोर विचारलं. बायका मलाच गप्प करायला लागल्या.

काका उठले. काकीच्या भावानं त्याच्या शेवटच्या भाऊबीजेला घेतलेली साडी त्यांनी कपाटातून काढून माझ्या हातात दिली. "ही नेसव. म्हायेरचीच हाय."

सागर त्याची साडी घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याला कुणीही आत ये म्हटलं नाही.