काटा हलल्याशिवाय सेल्फ नाही!

चार जुने मेकॅनिक एका ओट्यावर बसले की गोष्ट एक जण सुरू करतो, दुसरा पुढे नेतो आणि तिसरा म्हणतो, "छे, असं नव्हतंच ते!" किस्से वाढतात ते असेच. मी मात्र डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणार.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आणि त्या लढाईतली ती वर्षं. लोणावळ्यात, घाट चढून गाड्या येतात त्या रस्त्याला हुसेन उस्तादांचं गॅरेज होतं. घाटात तापून बसलेली इंजिनं आमच्याकडे यायची. उस्ताद ती पार खोलायचे, बेअरिंगचा धातू नव्यानं ओतायचे, घासून बसवायचे. नवं बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं. ते तसंच सेल्फ मारून, म्हणजे बटण दाबून, चालू केलं तर बेअरिंग मिनिटभरात जळतं. म्हणून प्लग काढायचे, पंपात तेल भरायचं आणि हँडल घेऊन इंजिन हातानं फिरवत राहायचं. तेल नळ्यांतून सगळीकडे पोचलं की तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलतो. उस्तादांचा कायदा एकच. "काटा हलल्याशिवाय सेल्फ नाही!"

•

मी कुसगावचा एकनाथ. सत्तावीस वर्षांचा, पदरात एक मुलगी. एकट्यानं बांधलेलं माझं पहिलं इंजिन पुरं झालं तेव्हा हात नुसते शिवशिवत होते. सेल्फच्या बटणावर अंगठा ठेवला. काहीच झालं नाही! वळून बघतो तर उस्तादांनी बॅटरीची वायर सोडवून खांद्यावर टाकलेली.

"एकनाथा, कोरड्या घशानं भजनाला बसतोस का?"

"नाही."

"मग त्याला का बसवतोस?"

हँडल मारायला लागलो. शंभर फेरे झाले, दोनशे झाले. तळहाताला फोड आले, काटा जागचा ढिम्म. रडकुंडीला येऊन विचारलं, "उस्ताद, अजून किती?"

उस्ताद बिडी शिलगावत म्हणाले, "मला काय विचारतोस? काट्याला विचार!"

•

मुंबईचे एक बॅरिस्टर होते. त्यांची मोटार तयार होत आली आणि ते पांढऱ्या सुटात हजर झाले. "मिस्त्री, मला पुण्याला कोर्टात पोचायचंय. मारा सेल्फ!"

"साहेब, अजून तेल चढलं नाही."

"गाडी माझी आहे. मी हुकूम देतो!"

उस्तादांनी हँडल पुसून अदबीनं त्यांच्या हातात दिलं. "गाडी आपली, हुकूम आपला. हात पण आपलाच लावा, लवकर होईल."

साहेबांनी एकदा हँडलकडे पाहिलं, एकदा उस्तादांकडे. मग कोट उतरवला आणि खरंच फिरवायला लागले! आम्ही आळीपाळीनं साथ दिली. काटा हलला तेव्हा साहेब घामानं निथळत होते. पुण्याला गेले ते तसेच.

पुढच्या महिन्यात पुन्हा आले. आम्हाला वाटलं, तक्रार आहे. तर सोबत मित्राची गाडी! मित्राला म्हणाले, "कोट आधीच काढून ठेव."

•

ज्ञानू आमच्यातला सगळ्यात चलाख. उस्ताद जुम्म्याच्या नमाजाला गेले होते आणि ट्रकवाला दारात खोळंबला होता. ज्ञानू म्हणाला, "लय झालं हँडल. वाईच चालू करून बघू, काय हुतंय?"

मी नको म्हणत असताना त्यानं बटण दाबलं. इंजिन झकास बोललं. ज्ञानूनं मिशीवर हात फिरवला. आणि मग आतून ठक, ठक, ठक! बंद करेपर्यंत चाळीस सेकंद गेले असतील.

उस्ताद आले. ज्ञानूलाच इंजिन उतरवायला लावलं. बेअरिंगचा वितळलेला धातू त्याच्या तळहातावर ठेवला.

"चाळीस सेकंद चालवलंस ना? आता ते पुन्हा बांधायला दहा दिवस मोज."

ज्ञानूनं दहा दिवस मोजले. पुढे त्याच्याइतकं चिवटपणे हँडल मारणारा माणूस मी पाहिला नाही.

•

लढाईत चांगलं तेल मिळेना. एक किराणा व्यापारी स्वतःचा डबा घेऊन आला. "शेंगदाण्याचं आहे मिस्त्री, घाण्यावरचं, एकदम शुद्ध!"

उस्तादांनी बोट बुडवून वास घेतला. "शेटजी, इंजिन चालवायचंय की भजी तळायचीत?"

•

एकदा चारशे फेरे झाले तरी काटा हलेना. मी म्हटलं, गेज बिघडलं असेल. ज्ञानू म्हणाला, पंप. उस्ताद म्हणाले, "खोला." पंप चांगला. "पुढं खोला." शेवटी मधली नळी काढली तर आत बोळा! पुसायची चिंधी. निळ्या रेघांची. असा कपडा गॅरेजात एकाच्याच अंगात असायचा.

उस्तादांनी चिंधी उलगडून पाहिली, आपल्या सदऱ्याशी लावून पाहिली.

"माझीच," म्हणाले. "सरका बाजूला. आता चारशे माझे."

साठीचा माणूस! आम्ही हात पुढे केला की हाणायला धावायचे. पुरे चारशे मारले.

•

आणि वराळ्याच्या सुंदराबाई. नवरा गेल्यावर भाताची गिरणी त्यांनी हाती घेतली. दीर म्हणायचा, इंजिन बाईमाणसाचं काम नव्हे, गिरणी माझ्याकडे द्या. त्यातच इंजिन बंद पडलं. उस्ताद, ज्ञानू आणि मी आठ दिवस तिथं राहून ते नव्यानं बांधलं. सुंदराबाई रोज जवळ बसून प्रत्येक नटाचं नाव विचारायच्या.

सुरू करायच्या दिवशी दारात भाताच्या गाड्यांची रांग लागली होती, तीत पंचांच्याही गाड्या होत्या. दीर पंचांना घेऊन आला. "दुपारपतुर गिरणी चालली न्हाई, तर किल्ल्या माझ्याकडं!" पंचांनी माना डोलावल्या.

त्या इंजिनाला गेज नव्हतं. तेलाच्या डब्याचं लहान हँडल फिरवत राहायचं आणि बेअरिंगपाशी नळी ढिली करून थेंब यायची वाट बघायची. उस्ताद पुढे झाले, तशा सुंदराबाई म्हणाल्या, "उस्ताद, तुमी बसा. उद्या तुमी हितं नसनार."

पदर खोचून फिरवायला लागल्या. ऊन डोक्यावर आलं. नळी कोरडीच.

"दुपार झाली!" दीर ओरडला. "चालू कर न्हाईतर किल्ल्या टाक!"

माझाच धीर सुटला. म्हटलं, "बाई, थोडं तेल गेलं असेल आत. करू या का?"

"थेंब दिसला का तुमाला?"

"नाही."

"मग न्हाई."

हात थांबला नाही. पंचांतले एक आबा उठून नळीपाशी उकिडवे बसले. त्यांच्यामागे दुसरे. गाडीवाले जमले. आणि आबाच ओरडले, "आला! आला रं, थेंब आला!"

सुंदराबाईंनी नट आवळला. इंजिनाचं मोठं चक्र फिरवायला आम्ही तिघे लागलो. इंजिन पहिल्या झटक्यात बोललं आणि बोलतच राहिलं. पंच एकेक करून आपापल्या गाडीकडे गेले.

दीर थोडा वेळ घुटमळला. मग भाताचं पोतं पाठीवर घेऊन थेट जात्याशी आला. "वैनी, माझं आधी भरड. घरचंच हाय."

सुंदराबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले.

"भावजी," त्या म्हणाल्या, "लाइनीत या."