माठाला तेवढा हात नको

अण्णा पाणी मागत होते आणि मी दिलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

जालन्यात मी घरोघर म्हाताऱ्या माणसांची सेवा करतो. अण्णांना कंपवात, त्यात शुगर. खाटेवरून उठता येत नव्हतं. मुलगा-सून दोघं नोकरीला. पहिल्या दिवशी वहिनींनी आडनाव विचारलं. मंग गाव. कुंभार पिंपळगाव म्हणालो, तर गावात घर कुठल्या बाजूला, तेही विचारलं.

थोड्या वेळानं मी अण्णांसाठी माठातून पाणी घेतलं. वहिनींनी माठ उचलला, सगळं पाणी अंगणात ओतलं, घासून पालथा घातला. माझ्यासमोर. आवाज मात्र गोड.

"दादा, बाकी सगळं करा. माठाला तेवढा हात नको. आम्ही मानत नाही हो, पण अण्णांना चालत नाही."

बाकी सगळं म्हणजे काय? हगणं-मुतणं मी काढायचो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर मी वळवायचो. माझ्या हातानं अख्खं अंग धुतलेलं चालत होतं. पाणी तेवढं बाटत होतं.

"बराबर, वहिनी," मी म्हणालो. काम पाहिजे होतं.

कामावर जाताना त्या नळीची बाटली भरून उशाशी ठेवत. अण्णा तोंडानं ओढून पीत. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांचा थरथरता हात लागून ती पडली. सगळं पाणी फरशीवर. वहिनींनी फोन उचलला नाही. मुलगा एमआयडीसीत, त्यानंही नाही.

"पाणी दे रे."

"वहिनी येऊन राह्यल्या, अण्णा."

माठ समोर होता. मी फरशी पुसली आणि खुर्चीवर बसलो. भीती होती, पण निव्वळ भीती नव्हती. मनात म्हणलं, यांचं सोवळं आहे ना, मंग सोसू द्या यांना. अण्णा मागत राहिले. मंग मागायचे थांबले.

संध्याकाळी जीभ कोरडी ठक्क, बोलणं असंबद्ध. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभर पाणी कोण देतं?"

वहिनींनी माझ्याकडं बोट केलं. "हेच असतात."

अण्णा नीट बोलायला लागले तेव्हा मी विचारलं, "माझ्या हातचं पाणी चालंल का?"

"आता काय सोयरीक करायची का? ठसका लागू देऊ नको म्हणजे झालं."

त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

घरी आणलं त्या दिवशी मी वहिनींदेखत माठातून पेला भरला. अण्णांना टेकून बसवलं, घोट घोट पाजलं. उरलेलं मी प्यायलो.

"दादा, उद्यापासून येऊ नका."

"उद्याचं ऱ्हाऊ द्या. आत्ता पुन्हा तहान लागली तर कोण देणार, ते सांगा."

संध्याकाळपर्यंत मीच पाजलं.

आता कुठल्याही घरी गेलो की आधी पाणी घेतो, घरच्यांसमोर पितो, मंग पेशंटला पाजतो. चालत नसंल तर मी तिथं अंगही धूत नाही, घाणही काढत नाही. अर्धे हात मी कुणाला देणार नाही.

पण दवाखान्यात अण्णांनी विचारलं होतं, "मी हाका मारत होतो, कुठं गेल्तास?"

"मेडिकलवर गेल्तो," मी म्हणालो.

माठ वहिनींनी घासला, पण हे खोटं माझं. अण्णा अजून आहेत. मी त्यांच्या उशाशीच बसलो होतो, ऐकत होतो, हे त्यांना तोंडावर सांगणं माझ्याकडून बाकी आहे.