विमानाच्या खोक्यावरचं हळदीकुंकू

शहागंजातला हा जुन्या सामानाचा दुकानदार भाव सांगण्याआधी वस्तू हुंगतो. मग खोट काढतो, आणि खोट नसली तर तसंही सांगून टाकतो, स्वतःचं नुकसान करून.

मला कवळी करायची होती. म्हणून सुटे भाग जोडून बनवायच्या खेळण्यातल्या विमानाचं खोकं मी त्याच्याकडे नेलं. आमच्या ह्यांनी आणलं, कधी उघडलं नाही.

"खाला, सील वैसाच है. महंगी चीज है," तो म्हणाला. मग खोकं उलटं करून पाहिलं. त्या बाजूला प्लॅस्टिकवर हळदीकुंकू होतं. दर दसऱ्याला मी सायकल, शिलाई मशीन आणि हे विमान पूजत आले.

"शौकीन लोगां को साफ होना. ऐसा रहा तो आधाच दाम."

"मग पूस की."

"आप पूजा करे सो चीज है. मैं नहीं पोंछता."

"देव नाय तो. प्लॅस्टिक हाय."

शेवटी मीच फडक्यानं पुसलं. तोवर तो पाठ फिरवून उभा होता. मग वळून त्यानं पुरे दाम दिले आणि खोकं आतल्या फळीवर, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं ठेवलं.

परवा गेले तर अजून तिथंच. असा धंदा चालत नसतो.