पाकिटाची पाठ

मंगळवार, ४ नोव्हेंबर. बॅग भरते आहे. दोन साड्या, ग्लुकोजचे तीन डबे, एक किलो साखर, बोट टोचून रक्तातली साखर मोजायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि काळ्या शाईचं जाड पेन. उद्या सकाळी घाट चढून माहेरी जायचं आहे.

हाच घाट मी चोवीस वर्षांपूर्वी उतरले तेव्हाची पिशवी याहून हलकी होती. आमचं गाव चंदगडच्या बाजूला. गोव्याला जाण्याला आम्ही ‘खाली उतरणं’ म्हणतो. मी निघाले त्या सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पाठीत जेवायचा पाट घातला. मारुतीला, माझ्या नवऱ्याला, डिचोलीत गवंडीकाम मिळालं होतं. मी भातकापणी उरकूनच जावं असं आबांचं म्हणणं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. पाटाच्या कडेला खिळा होता. दोन तास एसटीत टेकून बसता आलं नाही. दोडामार्गला उतरले तेव्हा पोलकं पाठीला चिकटलं होतं. मारुतीनं ते स्टँडवरच्या नळाखाली भिजवून सोडवलं. आबा आणि मारुती या दोघांत ज्याच्याबरोबर मी निघाले होते तो बरा, एवढा हिशेब मला तिथेच लागला.

आई दारात उभी होती. तिनं मला एकच गोष्ट शिकवली आणि ती मला पुष्कळ वर्षं पुरली. “पाठ फिरव. पाठीवरचं दिसत नाही.” ती स्वतः मरेपर्यंत तसंच वागली. शेवटी तिला आंघोळ घालताना आम्ही बायकांनी ती पाठ पाहिली.

आमच्या घरी ताटात काय वाढलंय हे कोणी विचारत नसे. प्रश्न फक्त मिठाचा. मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर जायचं, जास्त झालं तर आईवर. भिंतीवरचे आमटीचे डाग दर दिवाळीला चुन्याखाली जात आणि शिमग्यापर्यंत नवे येत.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या खाली उतरलेल्या, दोन्हीकडच्या माणसांसाठी हे लिहिते आहे. गोव्यात सगळं सुखाचं होतं असं समजू नका. डिचोलीत आम्ही पत्र्याच्या खोलीत राहायचो. लोणची नि सरबतं भरणाऱ्या एका लहानशा कारखान्यात मी बाटल्यांवर लेबलं चिकटवायचे. लेबल वाकडं बसलं की मुकादम स्टीलची पट्टी कडेनं बोटांच्या पेरांवर मारायचा. आम्हा घाटावरच्या बायकांनाच मारायचा, कारण आमचे भाऊ त्याला विचारायला येणार नव्हते. एकदा मी ती पट्टी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि वाकवून त्याच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी मला काम नव्हतं. तिथे चार वर्षांत मी हजारो लेबलं सरळ चिकटवली. एकही वाचलं नाही.

मग आम्ही मांद्र्याला आलो. मारुती नव्या हॉटेलांच्या बांधकामांवर जाऊ लागला आणि मी शांताकाकींच्या गेस्ट हाउसवर लागले. खोल्या, चादरी, पाहुण्यांचा नाश्ता. शांताकाकी पेडण्याकडच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आवाज अजून वर्गातलाच आहे. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की मी उंडे, गोव्याचे गोल पाव, घ्यायला धावायचे. पहिल्यांदा उंडा हातात घेतला तेव्हा मला वाटलं, एवढ्या टणक ऐवजाला आत काहीच नाही, नुसती हवा. आता मला सकाळी तोच लागतो. भाकरी रविवारी.

मारुतीला साखरेचा आजार निघाला आणि इन्सुलिन सुरू झालं त्यानंतरच्या वर्षातली गोष्ट. त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. त्यानं सकाळी इंजेक्शन टोचून घेतलं आणि काँक्रीटचा मिक्सर आला म्हणून न खाताच वर चढला. साडेअकराच्या सुमारास त्यानं सोबतच्या माणसाला आईवरून शिवी दिली आणि त्याच्या कपाळावर थापी मारली. मारुती कधी शिवी देत नाही. पण घाम सुटलेला, जीभ जड, पाय लटपटत होते. सगळ्यांना वाटलं, पिऊन आलाय. चौघांनी मिळून त्याला बडवलं. चौघेही आपल्याच जिल्ह्यातले. एकानं फावड्याच्या दांड्यानं मारलं. दोन दात पडले, भुवई फाटली. मग त्याला माडाला बांधलं आणि मला निरोप धाडला की उतरेपर्यंत नवऱ्याजवळ येऊन बस.

साखर उतरली की माणूस पिसाळल्यासारखा वागू शकतो, त्याला लगेच गोड द्या, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मी पळताना पाहुण्यांच्या फ्रीजमधली थंड पेयाची काळी बाटली उचलली. बाटलीवर मोठं शून्य होतं. मला वाटलं, नाव असेल. गोड लागतं म्हणजे साखर आहे, यापलीकडे माझं ज्ञान नव्हतं.

पहिल्याच घोटाला मारुतीनं माझ्या अंगठ्याचा चावा घेतला. खूण अजून आहे. तरी मी त्याचे केस धरून मान मागे ओढली आणि अर्धी बाटली पाजली. फरक पडेना. उलट तो दोरीत लोंबायला लागला, डोळे वर गेले. मी आणखी पाजणार तेवढ्यात शांताकाकी धापा टाकत आल्या आणि त्यांनी बाटली हिसकावली. माझ्याशी एरवी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या काकी घाबरल्या की पेडण्याच्या बोलीवर येतात.

“अगो, पाठ परतून पळय,” त्या म्हणाल्या. “ह्यांत साखर ना.” म्हणजे बाटलीची पाठ फिरवून बघ, हिच्यात साखर नाही.

साखर दहा पावलांवर होती, वॉचमनच्या चहाच्या डब्यात. काकींनी ती ओली करून मारुतीच्या गालाच्या आतून चोळली. चोळत राहिल्या. गिळता यायला लागलं तेव्हा साखरेचं पाणी दिलं. पंधरा मिनिटांनी तो माणसात आला. रक्तानं भरलेला शर्ट त्यानं खाली पाहिला आणि विचारलं, “मला कोणी मारलं?”

दुसऱ्या दिवशी काकींनी मला फ्रीजसमोर उभं केलं. चार वर्षं लेबलं चिकटवलीस नि एक वाचलं नाहीस, तुझ्यापेक्षा गोंद शहाणा, असं म्हणाल्या. मग एकेक पाकीट पालथं करून घेतलं. समोरची बाजू विकणाऱ्याची असते, पाठीवर कायद्यानं लिहायला लावलेलं असतं. समोर मोठ्या अक्षरांत जे ओरडून सांगितलंय त्याची उलटतपासणी पाठीवर बारीक अक्षरांत करायची. मला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा ‘शुगर’ हा शब्द मी चित्रासारखा पाठ केला. नंतर बाकीचे.

तुम्हीही शिका, अवघड नाही. आधी बघायचं, आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका वेळच्या वाढपाचे, ज्याला ते सर्व्हिंग म्हणतात. बिस्किटांची सर्व्हिंग दोन-तीन बिस्किटांची धरतात. दोन बिस्किटं खाऊन उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पेयाचे आकडे बहुतेक शंभर मिलीचे असतात आणि आपण बाटली संपवतो, म्हणून आकडा बाटलीच्या मापानं वाढवून वाचायचा. मग घटकांची यादी. जे सगळ्यात जास्त घातलंय ते आधी लिहिलेलं असतं. ‘शुगर फ्री’ बिस्किटाच्या यादीत पहिला येतो मैदा, आणि मैद्याची पोटात साखरच होते, फक्त सावकाश. म्हणजे रोज खायला ते बिस्कीट वाटतं तितकं निर्दोष नाही, आणि साखर उतरून माणूस पडला असेल तेव्हा ते वेळेवर कामाचंही नाही. तेव्हा साधी साखर लागते किंवा ग्लुकोज. मीठ लेबलावर सोडियम या नावानं राहतं. मिठाचा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या भिंतीवरचा चुना आठवला.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण दुपारी धाकट्या भावाचा, दत्तूचा, फोन आला.

“अक्का, म्हातारा परत सुरू झाला,” म्हणाला.

आबा आता सत्तरीच्या पुढे आहेत. मधली काही वर्षं ते गप्प झाले होते, हात थकले होते. दसऱ्यापासून त्यांना इन्सुलिन लावलंय. आठवडाभरात तीनदा त्यांनी घरात हात उचलला. आज चुलीतलं जळतं लाकूड दत्तूच्या बायकोच्या, सुनंदाच्या, दंडावर मारलं. तिला फोड आलेत. दत्तूनं आबांच्या दोन मुस्काटात दिल्या आणि त्यांना गोठ्यात मेढीला बांधून घातलं. मी विचारलं, किती वाजता करतात असं. दहा-अकराला, म्हणाला, इंजेक्शन झाल्यावर, भाकरीच्या आधी. आणि भात जेवले की गप्प होतात, काही आठवत नाही म्हणतात, नाटकं करतात.

तेव्हाच माझा अंगठा ठणकला.

ते असं करायला लागले की तुम्ही काय देता, मी विचारलं. दत्तू कौतुकानं म्हणाला की डॉक्टरांनी साखर बंद सांगितलीय, म्हणून बाजारातून मुद्दाम बिनसाखरेचं आणलंय, म्हाताऱ्यासाठी कोण एवढं करतं. त्यानं फोटो पाठवला. ‘शुगर फ्री’ बिस्किटं आणि तीच काळी बाटली, तेच शून्य.

मी सांगितलं की इंजेक्शन दिलं की लगेच जेवू घाला, डॉक्टरांना आजच विचारा, आणि असं काही करायला लागले तर आधी साखरेचं पाणी पाजा. दत्तू म्हणाला, डॉक्टर गुरुवारी येतात. मग म्हणाला, “साखर घालून मारू काय त्याला?” आणि वर, “तू गं कधीपासून त्याच्या बाजूची झालीस? उद्या हात उचलला तर तो हात मी मोडणार, सांगून ठेवतो.”

दत्तूनंही त्या घरात मार खाल्लाय. तो म्हणाला म्हणजे मोडेल.

मी आबांच्या बाजूची नाही. मी घर सोडलं तेव्हा ते पन्नाशीच्या आतले, धडधाकट, पोटभर जेवून उठलेले असायचे. त्या माराला साखर जबाबदार होती असं मी कोणाला म्हणू देणार नाही. पण हा नवा मार साखरेचा असेल, तर त्यासाठी कोणी त्यांचा हात मोडू नये, आणि सुनंदानं ते चटके फुकट सोसू नयेत. मारुतीला सगळं सांगितलं. यंत्रातला जुना सेल काढून त्यानं नवा घातला.

बुधवार. मारुतीनं स्कूटरवरून दोडामार्गपर्यंत सोडलं. तिथून पहिली एसटी. दहा वाजून गेल्यावर घरापाशी पोचले तर ओरडणं पाणंदीतच ऐकू आलं. आबांना इंजेक्शन दिलेलं, भाकरी तव्यावर. ते अंगणात पडले होते, कानातून रक्त येत होतं, आणि दत्तूच्या हातात बैलाची काठी होती. मी मध्ये शिरले आणि पाठ फिरवली. आईची शिकवण हाडात मुरलेली. काठी माझ्या पाठीत बसली तेव्हा दत्तू भानावर आला.

त्याला मी आबांचा हात धरायला लावला आणि बोट टोचलं. आकडा त्यालाच वाचायला सांगितला. एक्केचाळीस. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. ग्लुकोजचं पाणी आबांनी माझ्या तोंडावर थुंकलं, लाथ मारली, दुसरा पेला उडवला. तिसरा सुनंदानं धरला, भाजलेल्या हातानं, आणि तो पोटात गेला. पाव तासानं परत मोजलं. ब्याऐंशी.

“तू कधी आलीस?” आबांनी विचारलं.

“आत्ताच.”

त्यांनी कान चाचपला, बोटांवरचं रक्त पाहिलं. कोणी मारलं ते विचारलं नाही. दत्तू काठी घेऊन गोठ्यात गेला.

“काल सुनंदाला जळतं लाकूड मारलंत,” मी म्हटलं. “आठवतं?”

“नाही.”

ते खरं होतं. मला माहीत होतं.

“मी खाली उतरले त्या दिवशी माझ्या पाठीत पाट घातलात, तो?”

आबांनी पेल्यात पाहिलं. तळाशी थोडं ग्लुकोज उरलं होतं.

“आठवतो,” म्हणाले.

मी पेला धुवायला नेला. सुनंदाला भाकरी वाढायला सांगितली आणि आबांचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिले. मग सगळी पाकिटं ओट्यावर पालथी मांडून तिच्याकडून ‘शुगर’ हा शब्द शोधून घेतला. काळ्या पेनानं ग्लुकोजच्या डब्यांवर लिहिलं, ‘हात उचलला तर आधी हे.’ दत्तूला म्हटलं की गुरुवारची वाट बघू नकोस, आबांना आजच तालुक्याला घेऊन जा, डोस कमी करून घे. कानही दाखव. तो गाडी काढायला गेला. जाता जाता म्हणाला, आलीच आहेस तर आजचा दिवस राहा, पाठीला हळद लावून देईल सुनंदा.

नको म्हटलं. बाराची एसटी आहे, घरी जायचंय.