सुनंदाबाईंचा बोलका गुडघा

बंगळुरूच्या शिवाजीनगरात कुणाचं शिलाई मशीन कुरकुरायला लागलं, की ते उचलून सरळ सुनंदाबाईंच्या दुकानात आणतात. बाईंचं वय एकसष्ट, कान मात्र विशीतले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. "पट्टा नव्हे, शटल घासतंय," असं त्या म्हणाल्या की पुढे वाद नाही. वडिलांकडून आलेल्या या विद्येच्या जोरावर त्यांनी मुलाला इंजिनिअर केलं.

पण मशीनपुढे उकिडवं बसून बसून आता बाईंचाच डावा गुडघा कटकट वाजू लागला होता. मुलगा विनोदकुमार जे. पी. नगरातून रोज फोनवर एकच धोशा लावायचा, दुकान बंद कर, इकडे येऊन आराम कर. आराम म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. शेवटी दोघांत करार झाला. मारतहळ्ळीच्या एका प्रयोगशाळेत सेन्सर लावून गुडघ्याचा आवाज ऐकतात आणि तो किती झिजलाय ते सांगतात. तिथे गुडघा फार खराब निघाला, तर दुकानाला कुलूप.

शब्द दिला खरा, पण दुकान सोडायची बाईंची तयारी नव्हती. कुरकुरणाऱ्या वस्तूला गप्प करायचा एकच उपाय त्यांना ठाऊक होता. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानातली तेलाची कुपी घेतली आणि दोन्ही गुडघे चांगले चोळून काढले. मग देवापुढे हात जोडले, ते जरा घाईघाईतच.

प्रयोगशाळेतली नीलिमा मूळची पुण्याची. तिने बाईंच्या गुडघ्याच्या वाटीशेजारी बटणाएवढे सेन्सर चिकटवले. "काकू, खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा. एकदम रिलॅक्स!"

बाई उठल्या आणि पडद्यावर रेघांनी थयथयाट मांडला. नीलिमाचा चेहरा पडला. "काकू, डावा बराच खराब दिसतोय हो."

विनोदकुमारने आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. चाळीस वर्षांचं दुकान त्या रेघांनी पुसून टाकलं होतं.

"मला ऐकव बघू स्वल्प," त्या म्हणाल्या. हेडफोन लावला, डोळे मिटले. खर्र, खर्र. ऐकता ऐकता त्या ताठ बसल्या.

"हे आतलं नव्हे गं. आत घासत असेल तर प्रत्येक फेरीला त्याच जागी वाजतं. हे कुठंही वाजतंय. तुझं बटण सैल आहे."

नीलिमाने बोट लावलं, तर सेन्सर सुळकन खाली घसरला. तिने बोट हुंगलं. "काकू, काय लावलंय?"

खोटं बोलायची सोय नव्हती, वास खोलीभर पसरला होता. "मशीनचं तेल," बाई पुटपुटल्या. "वाजू नये म्हणून."

"अम्मा!" विनोदकुमार ओरडला आणि हसता हसता खालीच बसला.

गुडघे साबणाने धुतले, पुसले, सेन्सर पुन्हा चिकटवले. आता लपायला जागा नव्हती. बाई जीव मुठीत धरून उठल्या. या वेळी बारीक टक वाजलं, दर खेपेला त्याच जागी. तिथल्या डॉक्टरांनी रेघा पाहिल्या, एक्स-रे काढून पाहिला, गुडघा हलवून पाहिला. झीज थोडीच होती. उकिडवं बसणं बंद, मांड्यांचा व्यायाम रोज, मशीन टेबलावर घेऊन काम करा म्हणाले.

"म्हणजे काम करू?" बाईंनी दोनदा विचारून घेतलं.

"करा की!"

"सरी, ठीक झालं," त्या मुलाकडे वळल्या. "आता गाडी शिवाजीनगरला घे. गिऱ्हाईक थांबलं असेल."

विनोदकुमारने गाडी वळवली. दुकानात पोचल्यावर त्याने ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि जमिनीवरचं जड मशीन उचलून टेबलावर चढवलं. बाईंचे डोळे भरून आले.

"अजून कुठलं उचलू अम्मा?" त्याने धापा टाकत विचारलं.

"सगळीच," सुनंदाबाई म्हणाल्या.